धाकटीचं मत आधी

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी गणवीर मॅडमच्या दोन्ही खुर्च्या बाल्कनीत उन्हाला टाकत होते. आठवडाभर पावसाची चिकचिक चालली होती, वेताला कुबट वास यायला लागला होता, आणि त्या दिवशी सकाळी जरा उघडीप मिळाली म्हणून म्हटलं, हे काम उरकून टाकावं. पल्लवी म्हणजे मॅडमची भाची, त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. नागपूरला असते. तिचा फोन सकाळचा कधी येत नाही, म्हणून एका हातात खुर्ची असतानाच उचलला. "मावशी, आत्या गेली," ती म्हणाली. "चहा घेऊन गेले तर… झोपेतच." मी विचारलं, "पंप घेतला होता ना रात्री?" माणूस गेल्यावर त्याच्या दम्याच्या औषधाची चौकशी करणारी मी एकटीच असेन. पण त्या क्षणी मला तेवढंच सुचलं. पल्लवीही बिचारी शहाणी, म्हणाली, "हो मावशी, घेतला होता." मग मी खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर न बसता शेजारी जमिनीवर बसले.

प्रा. शीलवती गणवीर हे नाव सगळ्यांनाच ठाऊक असेल असं नाही. दिल्लीतल्या एका कायदा महाविद्यालयात त्यांनी तीसेक वर्षं शिकवलं. विषय लष्करी न्याय आणि राष्ट्रीय सुरक्षेचा कायदा. त्या शिकवायला लागल्या तेव्हा या विषयाच्या वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी असायची. पुढे दिवस असे आले की चॅनलवाले, वकील, निवृत्त अधिकारी, सगळे त्यांना फोन करायला लागले. गेल्यावर वर्तमानपत्रात दोन परिच्छेद आले, त्यात 'लष्करी न्यायाच्या गाढ्या अभ्यासक' असं लिहिलं होतं. ते खरंच आहे, त्यात मी काय भर घालणार. मी दिल्लीतल्या एका केंद्रीय मंत्रालयात फायली पुढे सरकवण्यात जन्म घालवलेली बाई. मला त्यांच्या पुस्तकांतलं चार आण्यांचंही कळत नाही. पण एक कायदा मात्र मला त्यांनी असा शिकवला की तो माझ्या अंगात भिनला, आणि त्याच कायद्यानं माझ्या हातून एक चूक घडली. तीच लिहायला बसले आहे.

आमची ओळख सरोजिनी नगरच्या भाजीवाल्यापाशी झाली. मी सांगलीहून परीक्षा देऊन नुकतीच दिल्लीत आलेली, दोघी मैत्रिणींत मिळून एक सरकारी क्वार्टर, आणि घरची आठवण आली की भाजी आणायला जायचं. पुढे एक उंच, सावळी बाई भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती. "भैया, वो खट्टा पत्ता होता है ना… लाल डंठलवाला." भाजीवाला म्हणाला, "मैडम, पालक ले लो, बिल्कुल ताज़ा है." मी मागून म्हटलं, "अंबाडी हवीय का तुम्हाला?" त्या गर्रकन वळल्या. "मिळेल का?" "नाही," मी म्हटलं, "पण मलाही हवीय." अंबाडीला हिंदीत काय म्हणतात ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. शेवटी पालकच घेतला आणि त्यांच्या खोलीवर जाऊन चहा प्यायलो. त्या माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. निघताना म्हणाल्या, पुढच्या रविवारी कुठे भेटायचं? मी म्हटलं, तुम्ही ठरवा. त्यावर त्यांनी बोट वर केलं. "असं नाही चालायचं. तू लहान. तू आधी बोल."

हे त्यांच्या घरातून आलेलं होतं. वडील लष्करात कारकून होते, हवालदार. कोर्ट मार्शलचं कामकाज टाइप करायचं काम त्यांच्याकडे असे. बाकी काही ते घरी बोलत नसत, पण एक नियम त्यांना फार आवडलेला होता. कोर्ट मार्शलमध्ये न्यायाला बसतात ते सगळे अधिकारीच, कुणी मोठ्या हुद्द्याचा, कुणी लहान. निकालाची वेळ आली की मत आधी सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्याला विचारतात आणि मग एकेक पायरी वर जातात. का, तर साहेब आधी बोलला तर धाकटा कशाला वेगळं बोलतोय. गणवीरांच्या नागपूरच्या घरात चार भावंडं होती आणि जेवायला काय करायचं इथपासून थोरल्या बहिणीला कुठलं स्थळ इथपर्यंत सगळ्यात आधी मत धाकट्या मिलिंदला विचारलं जायचं. "म्हणून तो असा लाडावला," मॅडम म्हणायच्या. मिलिंद म्हणजे पल्लवीचे वडील.

मी एकदा त्यांच्या वर्गात जाऊन बसले होते, मागच्या बाकावर. एक जुनं प्रकरण फळ्यावर मांडलं होतं. पुढच्या रांगेतली दोन हुशार मुलं हात वर करून करून थकली, पण मॅडमनी विचारलं ते सर्वात शेवटच्या, पहिल्याच वर्षाच्या एका मुलीला. ती चाचरली. मॅडम म्हणाल्या, "सीनियर का मुँह मत देखो. काग़ज़ देखो." त्याच तासाला त्या म्हणाल्या होत्या की 'राष्ट्रीय सुरक्षा' हे दोन शब्द कानावर पडले की माणसं प्रश्न विचारणं थांबवतात, आणि कायद्याच्या माणसाचं काम तिथे सुरू होतं. हेच त्या एकदा टीव्हीवर सांगायला गेल्या. चर्चेला सहा जण, सगळे एकदम ओरडत होते. मॅडमनी निवेदकाला थांबवलं आणि विचारलं, इथे वयानं सगळ्यात लहान कोण आहे, त्याला आधी बोलू द्या. निवेदक गडबडला, जाहिराती सुरू झाल्या. त्या चॅनलनं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. घरी येऊन म्हणाल्या, "चलो, एक संध्याकाळ वाचली."

जानेवारीत, लढाईच्या स्मृतिदिनी, दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जातात, तशा आम्हीही दोन-तीनदा गेलो. भाषणं व्हायची, लोकांचे डोळे भरून यायचे. मॅडम शाल गच्च ओढून उभ्या असायच्या. परतीच्या बसमध्ये एकदा हळूच म्हणाल्या, "अनू, लढाईआधीच्या त्या मसलतीत सगळ्यात धाकट्याला आधी कुणी विचारलं असेल का गं?" मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

खुर्च्यांची गोष्ट संपतमुळे. संपत साताऱ्याकडचा शिपाई, मुलगी आजारी म्हणून रजा न घेता घरी निघून गेलेला. त्याच्यावर कोर्ट मार्शल बसलं. त्याची बायको कुणाकुणाला विचारत मॅडमच्या कॉलेजपर्यंत पोचली. लष्कराच्या नियमांत एक तरतूद आहे, 'आरोपीचा मित्र' म्हणून. आरोपी आपल्या शेजारी एखाद्या माणसाला बसवून घेऊ शकतो. त्या माणसानं कोर्टापुढे बोलायचं नाही, साक्षीदाराला प्रश्न विचारायचे नाहीत, फक्त आरोपीच्या कानाशी लागून सल्ला द्यायचा. इतकी पुस्तकं लिहिलेली बाई नऊ दिवस त्या पोराच्या शेजारी गप्प बसून आली. निकाल त्याच्या विरुद्धच गेला, नोकरी गेली. पण त्यानंतर मॅडमच्या खोलीतल्या दोन वेताच्या खुर्च्या, ज्या आधी चारचौघांच्या घरात असतात तशा समोरासमोर होत्या, त्या शेजारी-शेजारी आल्या. दोन्हींची तोंडं खिडकीकडे. येणारा पाहुणा बसण्याआधी खुर्ची फिरवून समोर घ्यायचा आणि मॅडम ती परत जागेवर लावायच्या. डावीकडची माझी. तिथे बसून आम्ही एकमेकींकडे न बघता तीस वर्षं बोललो. संपत पुढे दिल्लीजवळ मानेसरला एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पहारेकरी लागला. सुट्टीच्या दिवशी कधीमधी यायचा, पण त्या खुर्चीत कधी बसला नाही, स्टुलावर बसायचा.

आम्ही दोघींनी लग्न केलं नाही. दिल्लीत आमचं असं कुणी नव्हतं. मग आमचं दोघींचंच कोर्ट बसायचं. ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा तो आरोपी. शिट्टी न देणारा कुकर आरोपी, वरच्या मजल्यावरचा तबला शिकणारा माणूस आरोपी. धाकटी म्हणून मत आधी माझं. आणि मतं समसमान पडली तर निकाल आरोपीच्या बाजूनं, हाही लष्करातलाच नियम. एकदा मला नाशिकचं एक स्थळ आलं, बँकेतला अधिकारी. मी म्हटलं, दोषी. मॅडम म्हणाल्या, निर्दोष. समान मतं, आरोपी सुटला, आणि मला त्याच्याबरोबर एकदा कॉफी प्यायला जावं लागलं. तो तासभर आपल्या स्कूटरच्या ॲव्हरेजबद्दल बोलला. परत येऊन मी मॅडमना एवढंच म्हटलं की तुमचा कायदा बदला. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो होतो.

मी निवृत्त झाले, क्वार्टर सोडली, दिल्लीतच द्वारकेत फ्लॅट घेतला. मॅडमनी माझ्याच जिन्यात खालचा मजला भाड्यानं घेतला. सकाळचा चहा त्यांच्याकडे, संध्याकाळची भाजी माझ्याकडे. मग त्यांना दमा लागला. दिल्लीत थंडी आली की हवा कशी होते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. लागोपाठ दोन हिवाळे त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मी बाकड्यावर बसून असायची. डॉक्टर म्हणाले, मॅडमनी दिल्ली सोडलेली बरी. तिकडून मिलिंदचे फोन, ताई, ये, वरची खोली रिकामी आहे. मॅडम कुणाला हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

नोव्हेंबरमधली सकाळ होती. बाहेर धुरक्यात समोरची इमारत दिसत नव्हती. आम्ही दोघी खुर्च्यांवर, हातात चहा. मॅडम म्हणाल्या, "आज कोर्ट बसवू या. आरोपी दिल्ली. आरोप असा की तिनं प्रा. गणवीर यांना श्वास घेऊ दिला नाही. दोषी ठरली तर प्रा. गणवीर नागपूरला जातील. निर्दोष सुटली तर इथेच राहतील." मग खोकल्या, आणि म्हणाल्या, "ज्युनियर मेंबर, तुझं मत."

ही सगळी मांडणी त्यांनी केली होती आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं. समान मतं पडली तरी आरोपी सुटतो. म्हणजे मी एकटीनं 'निर्दोष' म्हटलं असतं तर त्यांचं मत काहीही असो, त्या राहिल्या असत्या. माझ्या एका शब्दावर सगळं होतं. माझ्या जिभेवर 'निर्दोष' होतंही. पण मनात आलं, त्यांना जायचंय आणि मला सोडून कसं जावं म्हणून अडल्यात, तर आपण वाट मोकळी करून द्यावी. आणि आता खरंच लिहायला बसले आहे तर दुसरंही लिहिते… मी थकले होते. दोन हिवाळे दवाखान्याच्या बाकड्यावर काढून माझेही गुडघे बोलायला लागले होते. तिसरा हिवाळा डोळ्यांसमोर आला. मी जे बोलले त्यात त्यांचं भलं किती होतं आणि माझा थकवा किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

मी म्हटलं, "दोषी. जा मॅडम तुम्ही. इथे काय राहिलंय."

त्यांनी खिडकीकडे बघतच चहा संपवला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. एकमत." आणि कप घेऊन आत गेल्या.

सामान बांधायला संपत मानेसरहून आला, दोन दिवस सुट्टी टाकून. पुस्तकांचीच बावीस खोकी झाली. खुर्च्या मात्र मॅडमनी माझ्याकडे वर पाठवल्या. मी म्हटलं, एक घेऊन जा. तर म्हणाल्या, "एक घेऊन काय करू?" स्टेशनवर गाडी सुटताना संपत रडला. मी रडले नाही. घरी येऊन त्यांच्या मजल्यावर लिफ्ट थांबवली, कुलूप बघितलं आणि मग वर आले.

त्यानंतर रविवारी अकरा वाजता त्यांचा फोन यायचा. नागपूरची थंडी, पल्लवीच्या परीक्षा, मिलिंदचं घोरणं. अंबाडी मुबलक मिळते, म्हणाल्या, पण आता ती खावीशी वाटत नाही. मी इकडचं सांगायची, लिफ्ट बंद पडली, तबलेवाला अजून तीनतालातच आहे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी बोलता बोलता त्या म्हणाल्या, "अनू, आपला तो निकाल अजून कन्फर्म कुठे झालाय? कोर्ट मार्शलचा निकाल वरून कायम होईपर्यंत लागू नसतो, माहीत आहे ना? आणि एकदा, एकदाच, फेरविचाराला परत पाठवता येतो." मला वाटलं, वर्ग घेतायत. शिकवायची सवय जात नाही माणसाची. मी म्हटलं, "अरे यार मॅडम, कसला फेरविचार. इकडची हवा बघा, काल परत शाळा बंद होत्या." त्या म्हणाल्या, "हो का." मग म्हणाल्या, "अच्छा, ठेवते मग." त्यांनी तो विषय परत काढला नाही. त्या असं एकच गोष्ट दोनदा कधी मागायच्या नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी नागपूरला गेले. वंदना झाली, चार माणसं त्यांच्या कामाबद्दल चांगलं बोलली, त्यांचे दोन विद्यार्थी थेट दिल्लीहून आले होते. मिलिंदनं मला बोलायला उभं केलं. मी अंबाडीची गोष्ट सांगून खाली बसले. मग पल्लवी मला वरच्या खोलीत घेऊन गेली. पलंग, टेबल, खिडकीत पंप. आणि भिंतीला लागून बावीस खोकी, संपतनं बांधलेल्या सुतळीसकट. एकही उघडलेलं नव्हतं. आठ महिने.

मी विचारलं, "हे असंच?"

पल्लवी म्हणाली, "आत्या उघडूच देईना. बाबा कपाट करून द्यायला निघाले तर म्हणाली, थांब, निकाल कन्फर्म व्हायचाय. आम्हाला वाटायचं कुठल्यातरी केसचं बोलतेय." मग म्हणाली, "एकदा मी विचारलं, तुला इथे करमत नाही का गं? तर म्हणाली, माझं मत वेगळं होतं. पण अनू आधी बोलली, आणि तिचं ऐकून मी माझं बदललं. आयुष्यात पहिल्यांदा. हसून म्हणाली हं मावशी, चिडून नाही."

मी त्या खोक्यांवर हात ठेवून उभी राहिले. मोठ्याच्या दबावाखाली धाकट्यानं मत बदलू नये म्हणून तो नियम. धाकटीचं ऐकून मोठी आपलं मत बदलेल, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, ना त्यांच्या वडिलांच्या, ना त्यांच्या. मला वाटलं त्यांना जायचंय. त्यांना वाटलं मला त्यांचं ओझं झालंय. आणि ते थोडं खरं होतं, हेच तर काळीज कुरतडतं. पण थोडंच होतं, मॅडम. तुम्ही समोर बसणाऱ्या असतात तर माझ्या तोंडावर दिसलं असतं. आपण दोघी खिडकीकडे बघत होतो.

मी परत निघताना मिलिंद म्हणाले, खोकी ताईच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला देऊ या. मी हो म्हटलं. बावीस खोकी आली तशीच दिल्लीला परत निघाली आहेत. संपत म्हणाला, मी उतरवून घ्यायला येतो.

दिल्लीत आता माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस म्हणजे सुट्टीच्या दिवशीचा संपत. बाकी दिवस हिंदीत जातात, काही दिवस काहीच न बोलता. खालच्या मजल्यावर एक नवं जोडपं आलंय. लिफ्ट तिथे थांबली की मी अजून पाऊल पुढे टाकते आणि मग मागे घेते.

दोन्ही खुर्च्या खिडकीपाशी आहेत, शेजारी-शेजारी. परवा शेजारची एक बाई आली आणि बसायला म्हणून उजवीकडची फिरवायला लागली. मी म्हटलं, राहू द्या, आणि तिला पलंगावर बसवलं. रविवारी अकरा वाजता मी चहा घेऊन डावीकडच्या खुर्चीत बसते. समोरची इमारत सध्या स्वच्छ दिसते, अजून महिनाभर दिसेल. गेल्या रविवारी मी ते मोठ्यानं म्हटलं. खोलीत कुणी नव्हतं, म्हणून काही लाज वाटली नाही.

"दिल्ली निर्दोष, मॅडम."

फेरविचार एकदाच करता येतो आणि तो मी केला आहे. धाकटी म्हणून मत आधी माझं होतं, ते देऊन झालं. आता बोलायची पाळी त्यांची आहे.